सिस्टरांच्या शाळेत वाढलेल्यांची पत्रं

मागच्या अंकात शाळेच्या दिवसांबद्दल विचारलं होतं, तर आलेल्या पत्रांत कॉन्व्हेंटवाल्यांचीच गर्दी. सातारा, कऱ्हाड, सांगली, मिरज, पाचगणीच्या बोर्डिंगमधले पण. आता सगळे चाळिशी-पन्नाशीतले, कोणी बँकेत, कोणी दुकान सांभाळतंय, कोणी पुण्यात आयटीत, आणि जवळजवळ प्रत्येकाचं त्या शाळेशी काहीतरी अजून बाकी आहे. चार पत्रं या वेळी घेतलीत. नावं आणि शाळांची नावं काढलीत, पत्रं थोडी लहान केलीत. पहिल्या पत्राला जास्त जागा दिलीय, ते वाचल्यावर कळेल का ते.

प्रश्न : ताई नमस्कार, मी साताऱ्याची, माहेर सदर बझारच्या बाजूला, सासर वाई. वय ४६. पहिली ते दहावी सिस्टरांच्या शाळेत. घर आमचं माळकरी, आजी दरवर्षी वारीला जायची, एकादशी कधी मोडली नाही तिनं. मी चौथीत असताना आजी गेली. त्यानंतर थोड्याच दिवसांत मॉरल सायन्सच्या तासाला टीचर म्हणाल्या की बाप्तिस्मा (ख्रिस्ती करून घ्यायचा पाण्याचा विधी) झाल्याशिवाय कोणाला हेवनमध्ये जाता येत नाही. मी हात वर करून विचारलं, मग माझी आजी कुठे गेली? त्या म्हणाल्या, सिट डाउन. बस, एवढंच. चॅपलच्या दाराशी भिंतीत होली वॉटरचं छोटं भांडं असतं बघा, मी त्यातलं पाणी वॉटरबॅगच्या झाकणात घेतलं, वर रुमाल दाबला आणि रिक्षात मांडीवर धरून घरी आणलं. अर्धं सांडलं. हार घातलेल्या आजीच्या फोटोवर ते शिंपडलं आणि इन द नेम ऑफ द फादर वगैरे शाळेत म्हणायचो ते सगळं म्हणलं. काचेच्या आत पाणी गेलं आणि फोटोच्या कोपऱ्यात डाग पडला, अजून आहे. आई म्हणते पावसाळ्यात ओल आली असेल. मी आजतागायत कोणाला बोलले नाही.

आता आमच्या बॅचचं रियुनियन आहे. ग्रुपवर रोज गोल्डन डेज चाललंय, आणि "सिस्टरांनी फोडून काढलं म्हणून आपण घडलो" असं सगळे लिहितात. मला बोटांच्या सांध्यांवर उभ्या पट्टीनं मारलेलं आठवतं, स्पेलिंग चुकल्याबद्दल. आणि त्याच शाळेत केरळच्या एक सिस्टर होत्या, बाबांचा धंदा बसला त्या वर्षी माझी फी कशी भरली गेली ते त्यांनी वर्गात कोणाला कळू दिलं नाही, मधल्या सुट्टीत लायब्ररीची किल्ली माझ्या हातात द्यायच्या. त्यांची आठवण आली की अजून रडू येतं. मग मला त्या शाळेचा राग आहे का माया आहे? आणि मी आजीशी काही वाईट केलं का? कृपा करून हसू नका.

उत्तर : ताई, हसण्यासारखं यात काही नाहीच. आधी आजीचं बोलू.

तुम्ही आजीशी काहीही वाईट केलेलं नाही, आणि हे मी तुमची समजूत काढायला म्हणत नाहीये, कॅथलिक चर्चचाच नियम सांगते. बाप्तिस्मा जिवंत माणसालाच देता येतो. गेलेल्या माणसाला देता येत नाही, फोटोला तर नाहीच नाही. म्हणजे त्या दिवशी तुमच्या घरात चर्चच्या हिशेबानंसुद्धा काही घडलं नाही, आजी जशी गळ्यात तुळशीची माळ घेऊन गेली तशीच माळकरी राहिली, विठ्ठलापासून तिला कोणी हलवलं नाही. घडलं ते एवढंच की चौथीतल्या पोरीला वाटलं आपली आजी कुठेतरी बाहेर अडकलीय, आणि तिला आत घ्यायला जेवढं त्या पोरीला माहीत होतं तेवढं तिनं केलं. वॉटरबॅगच्या झाकणातून, रिक्षातून, सांडत सांडत. आजीला हे कळलं असतं तर तिनं काय केलं असतं ते तुम्हीच जास्त चांगलं सांगू शकाल.

आता त्या टीचरांचं वाक्य. १९६२ ते १९६५ या काळात रोममध्ये दुसरी व्हॅटिकन परिषद झाली, जगभरचे बिशप, म्हणजे त्या-त्या भागातल्या चर्चचे प्रमुख, जमले होते. १९६४ साली त्या परिषदेनं चर्चबद्दलचा जो मोठा दस्तऐवज मंजूर केला त्यात स्वच्छ लिहिलंय की स्वतःचा दोष नसताना ज्यांच्यापर्यंत ख्रिस्ताची शिकवण पोचली नाही, पण जे मनापासून देवाला शोधतात आणि सद्‌सद्विवेकाला धरून वागतात, त्यांनाही तारण, म्हणजे देवाघरी जागा, मिळू शकतं. पुढच्या वर्षी, १९६५ मध्ये, इतर धर्मांबद्दल वेगळं निवेदन आलं, त्यात हिंदू धर्माचा नाव घेऊन उल्लेख आहे आणि या धर्मांमध्ये जे खरं आणि पवित्र आहे त्यातलं काहीच चर्च नाकारत नाही असं म्हणलंय. तुम्ही चौथीत होता ती ऐंशीच्या दशकाची अखेर. म्हणजे वीसेक वर्षांपूर्वीच रोमनं जे सांगून ठेवलं होतं ते साताऱ्यातल्या त्या वर्गापर्यंत आलं नव्हतं, किंवा आलं असेल पण त्या टीचरांनी मनावर घेतलं नसेल. स्वतः लहानपणी जे पाठ केलं तेच त्या बोलून गेल्या असतील. बाप्तिस्म्याआधी गेलेल्या तान्ह्या बाळांचं काय होतं, या विचारानं तर कॅथलिक आयासुद्धा शतकानुशतकं झुरल्यात, त्यांना लिंबो म्हणून मधल्याच एका जागेचं सांगितलं जायचं. २००७ साली व्हॅटिकनच्या धर्मशास्त्र आयोगानं म्हणलं की लिंबो ही कधीच बंधनकारक श्रद्धा नव्हती आणि त्या बाळांच्या तारणाची आशा धरायला भरपूर आधार आहे.

पण खरं सांगू का, मला त्या वाक्यापेक्षा "सिट डाउन" जास्त लागलं. आणि इथं फक्त त्या एका टीचरांचा दोष आहे असं मला वाटत नाही, ही त्या शाळांची व्यवस्थाच होती. कॅथलिक मुलं कॅटेकिझमला, म्हणजे धर्मशिक्षणाच्या तासाला, जायची, तिथं शंका विचारता यायच्या, फादर येऊन समजावायचे. बाकीच्यांना मॉरल सायन्स. प्रार्थना सगळ्यांच्या तोंडपाठ, क्रूस प्रत्येक वर्गात फळ्याच्या वर, अर्थ मात्र आपल्याला कोणी सांगायचं नाही, कारण सांगितला तर धर्म शिकवला असा बोभाटा व्हायचा ही शाळेची भीती, आणि घरच्यांनाही "इंग्लिश शिका, बाकीच्यात पडू नका" एवढंच हवं होतं. मग आपल्यासारखी पोरं रक्त, खिळे, पाप, नरक हे सगळं नुसतं बघून आणि कानावर पडलेलं जुळवून आपलं आपणच काहीतरी भयंकर तयार करून बसायची. सांगलीच्या एका वाचकानं कळवलंय की शाळेच्या आवारात दगडांची गुहा होती, आत मूर्ती आणि मेणबत्त्या, त्यांना दहावीपर्यंत वाटायचं की तिथं खाली कोणालातरी पुरलंय. ती लूर्दच्या गुहेची प्रतिकृती हो, १८५८ साली फ्रान्समध्ये बर्नाडेट नावाच्या चौदा वर्षांच्या मुलीला, ती बिचारी धंदा बुडालेल्या गिरणीवाल्याची पोर, तिथं येशूच्या आईचं, मारियेचं, दर्शन झालं अशी कॅथलिकांची श्रद्धा आहे, म्हणून जगभर त्यांच्या शाळा-चर्चमध्ये तशी गुहा बांधतात. दोन मिनिटांत सांगून होणारी गोष्ट, कोणी सांगितली नाही, आणि एक माणूस दहा वर्षं त्या कोपऱ्याकडे न बघता शाळेत गेला. म्हणून माझं सगळ्यांनाच सांगणं आहे की जे तेव्हा विचारता आलं नाही ते आता विचारा. तुमच्या मनात अडकलेलं प्रत्येक वाक्य घेऊन एखाद्या जाणत्या फादरांकडे किंवा सिस्टरांकडे जा, मोठ्या माणसासारखं समोर बसा आणि विचारा, हे असंच आहे का? बऱ्याच वेळा उत्तर "नाही" असं येतं.

मारण्याबद्दल. "मारलं म्हणून घडलो" हे मला मान्य नाही, आणि मी हे बरीच वर्षं शाळेत समुपदेशक म्हणून काम करून सांगतेय. सांध्यावर पट्टी मारून स्पेलिंग येत नाही, सांध्यावर पट्टी मारून हात लपवायला येतं. तुम्ही घडलात ते लायब्ररीच्या किल्लीमुळे, रोजच्या वाचनामुळे, कोणीतरी वही तपासून खाली दोन ओळी लिहिल्या त्यामुळे. त्या काळी मार सगळीकडेच होता, झेडपीच्या शाळेत निरगुडीचा फोक होता, घरी बाबांचा पट्टा होता, म्हणून फक्त कॉन्व्हेंटला धारेवर धरणं बरोबर नाही हे मी मान्य करते, पण सगळीकडे होता म्हणून तो योग्य ठरत नाही. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम १७ नं शाळेत शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हीला बंदी घातलीय. तुमच्या मुलीच्या वर्गात उद्या कोणी तसं केलं तर तुम्ही त्याच दिवशी ऑफिसात जाऊन उभ्या राहाल ना? मग चौथीतल्या स्वतःसाठी पण तेवढंच वाटू द्या की. ग्रुपवर कोणी भांडण काढायची गरज नाही, पण तुमच्यावर त्या मेसेजखाली हार्ट टाकायची सक्ती पण नाही.

आणि त्या केरळच्या सिस्टर. तुम्ही विचारलंय राग का माया. राग त्या पट्टीचा आहे, माया त्या माणसाची आहे, दोन्हीचे पत्ते वेगळे आहेत, मग एकात एक कशाला मिसळताय? या बायकांचं आयुष्य आपण वर्गातल्या बाकावरून कधी बघितलंच नाही. सतरा-अठराव्या वर्षी घर सोडून केरळहून, मंगळूरहून, गोव्याहून, वसईहून यायच्या, गरिबी, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन अशी तीन व्रतं घ्यायच्या, पगार झाला तरी तो त्यांच्या सिस्टरांच्या संघाकडे जायचा, स्वतःच्या नावावर काही नाही. (त्या पगारावर टीडीएस कापायचा का नाही हा वाद पार सुप्रीम कोर्टापर्यंत गेला, नोव्हेंबर २०२४ मध्ये कोर्टानं सांगितलं की सरकारी अनुदानातून पगार मिळतोय तर कापायचाच.) संघानं बदली केली की एका बॅगेत सामान भरून निघायचं, म्हणून तर आपल्या आवडत्या सिस्टर एका जूनमध्ये अचानक दिसायच्या बंद व्हायच्या आणि कोणी काही सांगायचं नाही. आपल्या जिल्ह्याला हे नवीन नाही, पाचगणीत १८९५ साली डॉटर्स ऑफ द क्रॉस या बेल्जियममध्ये सुरू झालेल्या संघाच्या सिस्टरांनी मुलींची शाळा काढली, तेव्हापासून किती जणी अशा आल्या आणि गेल्या. त्यातल्या काही कडक होत्या, काही स्वतःच एकट्या आणि चिडलेल्या होत्या, आणि काही तुमच्या सिस्टरांसारख्या होत्या.

त्यांना शोधा. शाळेच्या ऑफिसात विचारा त्या कोणत्या संघाच्या होत्या, मग संघाच्या प्रांतिक कार्यालयाला पत्र टाका. वयस्कर सिस्टरांना संघच सांभाळतो, त्या कुठल्या घरात आहेत याची नोंद तिथं असते. मेसेज नको, कागदावर लिहा, मोठ्या अक्षरात, डोळे थकले असतील. फीबद्दल लिहा, किल्लीबद्दल लिहा, कोणतं पुस्तक वाचलं होतं ते लिहा. त्या आता नसल्या तरी पत्र वाया जाणार नाही, त्यांच्या बरोबरीच्या सिस्टर ते वाचतील.

रियुनियनला जा असं मी म्हणेन, पण त्याआधी आईला त्या डागाचं सांगा. आई आहेत तोवर सांगा. त्यांच्या सासूबाईंच्या फोटोवर ओल आली नव्हती, नातीनं पाणी शिंपडलं होतं, हे कळायचा हक्क त्यांना आहे, आणि मला वाटतं त्यांना ते आवडेल.

प्रश्न : मी मिरजेचा, आम्ही घरचेच कॅथलिक, वडील रेल्वेत होते. फादरांच्या बोर्डिंगमध्ये शिकलो, अल्टर सर्व्हर, म्हणजे उपासनेत फादरांना मदत करणारा मुलगा, होतो, पहाटेच्या मिसेला (चर्चमधल्या उपासनेला) घंटा वाजवायचं काम माझं. आता कित्येक वर्षं चर्चला जात नाही. बायको जैन आहे, लग्न रजिस्टर केलं. मुलगा दोन वर्षांचा झालाय आणि आई रोज रडते की त्याचा बाप्तिस्मा करा, नाहीतर मी गुपचूप नेऊन करून आणते. बायको म्हणते तुझं तू ठरव, पण मला अंधारात ठेवून काही नको. मला स्वतःला माझी श्रद्धा उरलीय का नाही हेच समजत नाही, पण ख्रिसमसला येशूच्या जन्माचा गोठा मांडला नाही तर चैन पडत नाही. वर गावात अजून आम्हाला "मिशन हॉस्पिटलवाले" म्हणतात.

उत्तर : शेवटचं आधी, कारण ते सोपंय. मिरजेचं मिशन हॉस्पिटल हे प्रेस्बिटेरियन मिशनचं, डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये उभं केलेलं, म्हणजे प्रोटेस्टंट, ख्रिस्ती लोकांतला वेगळा पंथ. तुम्ही कॅथलिक, तुमचे बिशप पुण्याचे, सातारा-सांगली त्यांच्याच धर्मप्रांतात येतं. लोकांना क्रूस दिसला की सगळे एकच वाटतात. भेटतील त्यांना सांगत राहा, न चिडता.

आता आई. गुपचूप बाप्तिस्मा करणं नियमात बसत नाही. चर्चच्या कायद्यानुसार आई-वडलांपैकी निदान एकाची संमती लागते आणि मुलाला त्या श्रद्धेत वाढवलं जाईल अशी खरीखुरी आशा असावी लागते, तशी नसेल तर फादरांनी बाप्तिस्मा पुढे ढकलायचा असतो. फक्त जिवावर बेतलेल्या बाळाची गोष्ट वेगळी. हे तुम्ही सांगितलं तर त्यांना तुम्ही अडवताय असं वाटेल, फादरांकडून ऐकलं तर पटेल, म्हणून त्यांना घेऊन फादरांकडे जा.

आणि जाल तेव्हा लग्नाचं पण विचारा. मला वाटतं आईचं खरं दुखणं तिथं आहे. कॅथलिक माणसानं परवानगी न घेता चर्चबाहेर लग्न केलं तर चर्च ते ग्राह्य धरत नाही आणि त्याला कम्युनियन, म्हणजे मिसेतला पवित्र प्रसाद, घेता येत नाही. म्हणजे रविवारी सगळे रांगेत पुढे जातात आणि त्यांचा अल्टर सर्व्हर पोरगा तिथं नसतो, हे त्यांना दर आठवड्याला दिसतं. यावर रस्ता आहे, बिशपांकडून परवानगी घेऊन नंतरही लग्न रीतसर करून घेता येतं, आणि त्यासाठी बायकोनं धर्म बदलायची गरज नाही. मुलांना कॅथलिक वाढवायला शक्य तितका प्रयत्न करीन एवढं वचन कॅथलिक जोडीदारानं द्यायचं असतं, दुसऱ्याला फक्त त्याची कल्पना द्यायची असते, त्यानं सही करायची जुनी अट १९७० पासून गेलीय. बरेच जण अजून जुनंच ऐकून घाबरतात.

पण हे सगळं करायचं का नाही हे आईच्या रडण्यावरून ठरवू नका. वचन द्यायचं तर ते पाळायचं मनात असलं पाहिजे. श्रद्धा उरलीय का नाही ते समजत नाही असं म्हणताय, मग काही महिने एकटेच जाऊन मागच्या बाकावर बसा, सर्व्हर म्हणून नाही, लहानपणी तुम्हाला मिस कधी शांतपणे बघायला मिळालीच नाही, सारखं लक्ष घंटा कधी वाजवायची याच्यावर. कन्फेशनची, म्हणजे फादरांपुढे पापं कबूल करायची, धास्ती असेल तर एवढं लक्षात ठेवा की तिथं बोललेलं फादर कोणापुढे, अगदी तुमच्या आईपुढेही, काढू शकत नाहीत. त्यातून जे ठरेल ते बायकोला आधी सांगा. तिनं अंधारात ठेवू नको एवढंच मागितलंय, फार मोठ्या मनाचं मागणं आहे ते. गोठा मात्र दर वर्षी मांडा, त्याला कोणाची परवानगी लागत नाही, पोराला गवत पसरायला घ्या.

प्रश्न : सांगली, विश्रामबाग. आमच्या कॉन्व्हेंटमध्ये मराठी बोललं की एक रुपया दंड, आणि एक लाकडी बिल्ला होता तो गळ्यात, पुढचा कोणी मराठी बोलताना सापडेपर्यंत. मैत्रिणींवर पाळत ठेवायला शिकलो आम्ही. आज मी उत्तम इंग्लिश बोलते, पण वडलांच्या शोकसभेत मराठीत चार वाक्यं बोलता आली नाहीत मला. हे पत्र फोनवर टाइप करतेय, शुद्धलेखन सुधारून घ्या. ही माणसं आपल्या भाषेचा एवढा तिटकारा का करायची?

उत्तर : शुद्धलेखन फारसं सुधारावं लागलं नाही, हे आधी सांगते. आणि बिल्ल्याबद्दल मला तुमच्याइतकाच राग आहे. पोराला पोरावर पाळत ठेवायला लावणं हे भाषा शिकवणं होऊच शकत नाही.

पण तिटकारा चर्चचा होता असं म्हणू नका, कारण तसं ते नाहीये. इंग्लंडहून गोव्यात आलेले जेझुइट (एका कॅथलिक संघाचे) फादर थॉमस स्टीफन्स यांनी जवळपास अकरा हजार ओव्यांचं ख्रिस्तपुराण मराठीत रचलं, ते १६१६ साली छापून आलं, आणि त्यात आपल्या भाषेची अशी स्तुती केली की आजही ती लोक सांगतात. व्हॅटिकन परिषदेनंतर लॅटिन बाजूला होऊन मिस लोकांच्या भाषेत आली, वसईत घरोघरी मराठीत प्रार्थना होतात. २०२० च्या जानेवारीत उस्मानाबादला झालेल्या ९३व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष कोण होते? फादर फ्रान्सिस दिब्रिटो, वसईचे कॅथलिक धर्मगुरू. तुमच्या शाळेत जे होत होतं ते इंग्लिश मीडियमच्या बाजारातून आलेलं होतं, आणि त्यात आपल्या आई-वडलांचाही हात होता, घरी पाहुणे आले की "पोएम म्हणून दाखव" कोण म्हणायचं? कितीतरी सिस्टरांना स्वतःलाच मराठी येत नव्हतं, मुलं काय बोलतायत ते कळायचं नाही म्हणून त्यांनी ते बंदच करून टाकलं, असंही मला वाटतं. आता २०२० च्या कायद्यानं राज्यातल्या सगळ्या बोर्डांच्या शाळांत पहिली ते दहावी मराठी सक्तीचं आहे.

वडलांसाठी तेव्हा बोलता आलं नाही, ते आता लिहा. मोठं नको, पानभर. कृष्णेच्या घाटावर त्यांच्याबरोबर जात असाल, गणपती पेठेतून त्यांच्याबरोबर काही आणत असाल, ते तसंच लिहा, इंग्लिश शब्द आले तर येऊ देत. वर्षश्राद्धाला घरच्या घरी वाचा. अडलं तर मला पाठवा, मी बघून देईन, आणि हे मी नुसतं म्हणायचं म्हणून म्हणत नाहीये.

प्रश्न : कऱ्हाड. मी आजोबा आहे, वय ७१. नातवाला सिस्टरांच्या शाळेत घातलंय, शिस्त चांगली म्हणून. पण तो घरी येऊन कपाळ-छाती-खांदे करतो. गल्लीत लोक काहीबाही बोलतात की धर्म बदलून टाकतील. सून म्हणते दुर्लक्ष करा. काय करावं?

उत्तर : काका, सूनबाईंशी मी बरीचशी सहमत आहे. लहान मुलं जे बघतात ते करतात, तुमच्याबरोबर आरतीला उभा राहिला की टाळ्या पण वाजवत असेल. बाप्तिस्म्याला पालकांची संमती लागते ते वर दुसऱ्या उत्तरात लिहिलंच आहे, आणि मोठ्या माणसाला तर आधी महिनोन् महिने शिकवणी घ्यावी लागते, चुकून-माकून होणारी गोष्ट नाही ती.

तरीपण तुमचा प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर घटनेत आहे. कलम ३० नं अल्पसंख्याकांना स्वतःच्या शाळा काढून चालवायचा हक्क दिलाय, आणि कलम २८ (३) नं सरकारमान्य किंवा अनुदानित शाळेतल्या कोणालाही धार्मिक शिक्षणाला किंवा उपासनेला बसायची सक्ती करता येत नाही असं म्हणलंय, मूल लहान असेल तर पालकांची संमती पाहिजे. दोन्ही एकाच घटनेत आहेत. २०२४ च्या एप्रिलमध्ये भारतातल्या कॅथलिक बिशपांच्या परिषदेनं स्वतःच आपल्या शाळांना सूचना काढल्या की दुसऱ्या धर्माच्या मुलांवर ख्रिस्ती प्रथा लादू नका, सकाळच्या असेंब्लीत घटनेची उद्देशिका म्हणा, आणि जमेल तिथं सर्व धर्मांसाठी प्रार्थनेची खोली ठेवा. पालकसभेला जाल तेव्हा शांतपणे विचारा की आपल्या शाळेत हे सुरू झालं का.

आणि एक करा. नातू क्रूसाची खूण करतो तेव्हा ओरडू नका, त्याला विचारा हे काय असतं, कोणी शिकवलं, शाळेत अजून काय म्हणतात. त्याला माहीत नसेल तर दोघं मिळून शाळेत जाऊन सिस्टरांना विचारा. मग घरी येऊन त्याला तुमच्या देव्हाऱ्यातल्या एकेका देवाची गोष्ट सांगा, त्याच्या शंकांना वेळ द्या, कितीही विचित्र विचारलं तरी खाली बस म्हणू नका. संध्याकाळी कृष्णा-कोयनेच्या प्रीतिसंगमावर फिरायला नेत असालच, तिथं बोलायला भरपूर वेळ मिळतो.

(पुढच्या अंकासाठी बोर्डिंगमध्ये राहिलेल्यांनी लिहावं, विशेषतः पाचगणीवाल्यांनी. नाव छापायचं नसेल तर तसं कळवा.)